काळ्या आईबापांचं पिवळं पिल्लू

माझं नाव हळद्या. जात लॅब्रॅडोर, वय चार, मुक्काम कामशेत, तांदळाच्या दुकानाची पायरी. कुत्र्याला लाज नसते असं माणसं खुशाल म्हणतात. मला आहे. तीच सांगायला बसलोय.

माझा जन्म लोणावळ्यातल्या तुंगार्लीचा, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बंगल्यातला. माझी आई काजल, नावासारखीच काळी कुळकुळीत. बंगल्याच्या मालकीण राजेश्वरीताई. पण आईला जेवू घालणं, अंघोळ घालणं, फिरवून आणणं हे सगळं बयाबाई करायच्या. भाजे गावाहून रोज सकाळी मळवलीला गाडी पकडून त्या यायच्या. अकरा वर्षांत त्यांचा खाडा क्वचितच.

माझा बाप बादशाह. कामशेतच्या रियाजभाईंचा, तोही काळाच. रियाजभाईंनी त्याला आठवडाभर बंगल्यावर आणून ठेवलं होतं. काळ्याला काळी मिळाली म्हणजे पिल्लं काळीभोर होणार, यात कुणालाच शंका नव्हती. ताईंनी तर पुण्यातल्या ओळखीच्या घरांना आधीच शब्द देऊन टाकले होते.

आम्ही सात भावंडं झालो. पहिली सहा काळी. शेवटचा मी. बयाबाईंनी मला फडक्यानं पुसलं आणि म्हणाल्या, "आगं बया, ह्ये तर हळदीत बुडवून काढल्यावानी!" माझे डोळे उघडायच्या आधीच मला नाव मिळालं. त्या हसल्या होत्या. या रंगामुळे त्यांच्यावर काय ओढवणार आहे, हे त्यांना कुठून कळावं?

ताई टोपलीपाशी आल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो माझ्या तब्येतीचा नव्हता.

"मावशी, काजल बाहेर गेली होती?"

"न्हाई ओ ताई. येकदाबी न्हाई."

"मग हे कुठून आलं? घरात दोन्ही काळी. पिवळा म्हणजे तो गेटवरचाच."

गेटवर एक गावठी कुत्रा असायचा. अंगानं पिवळट, एक कान दुमडलेला. सगळे त्याला पिवळ्या म्हणत. संध्याकाळी घरी जाताना बयाबाई आपल्या डब्यातली उरलेली भाकरी त्याला टाकायच्या.

"तुम्हीच त्याला लाडावून ठेवलंय," ताई म्हणाल्या.

"भाकर टाकते ती गेटाच्या भाईर. कडी मी सवता लावते. पोरीची आन घेते, ताई."

"पिल्लू समोर आहे, मावशी. आणखी पुरावा काय हवा?"

पुरावा म्हणजे मी. चार दिवसांचा, पाय धड न टेकणारा, दुधासाठी चिंचिं करणारा. महिना भरल्यावर बयाबाईंना काम सोडायला सांगितलं. त्यांनी पिशवीत आपला चहाचा कप टाकला, टोपलीपाशी आल्या आणि नव्या बाईला, सारिकाला, म्हणाल्या, "ह्याला दूध कोमट दे. गार बाधतं त्याला."

पुढे सारिका फोनवर कुणालातरी सांगत होती, तेव्हा मला कळलं की गोष्ट तुंगार्लीभर झाली आहे. भाज्याची ती बाई बेफिकीर, तिच्या हाती जातिवंत कुत्री देऊ नका. बयाबाईंना एकाही बंगल्यात काम मिळेना. त्या गावातच मिळेल ती मजुरी करत होत्या.

माझी सहाही भावंडं दोन महिन्यांत गेली. मी राहिलो. पाहुणे आले की मला मागच्या शेडमध्ये बंद करायचे. मीही शहाण्यासारखा गप्प बसायचो. आपण दिसू नये असंच मला वाटायला लागलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझी मान वर होत नाही.

एका रविवारी शेडची कडी नीट लागली नव्हती. मी बाहेर आलो. हिरवळीवर पाहुणे चहा घेत होते. संध्याकाळ होती, बयाबाई ज्या वेळेला घरी निघायच्या तीच वेळ. पिवळ्या गेटशी उभा होता. इतके दिवस उलटले तरी तो त्यांची वाट बघायला यायचा. मला बघून त्यानं सळ्यांमधून नाक आत घातलं आणि शेपूट हलवली. मी त्याला हुंगलं. वास कुत्र्याशी खोटं बोलत नाही. हा माझा बाप नव्हता. पण भुकेला होता आणि माझ्याशी प्रेमानं वागत होता.

तेवढ्यात एक पाहुणा ओरडला, "अरे वा, बापलेकांची भेट!"

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पडला.

आणि मी त्याच्या नाकाला चावलो. नुसता भुंकलो असतो तरी चाललं असतं. मी चावलो, रक्त काढलं आणि वर भुंकत राहिलो, हा माझा कुणी नाही हे सगळ्या हिरवळीला ऐकू जावं म्हणून. गडी काठी घेऊन धावला. पिवळ्याच्या मागच्या पायावर काठी बसली. तो केकाटत, पाय ओढत तलावाच्या बाजूला गेला. पुन्हा तो त्या रस्त्याला दिसला नाही.

ताईंनी मला बिस्किट दिलं. "शाब्बास," म्हणाल्या. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला तो त्या दिवशी, पहिल्यांदा. मी ते बिस्किट खाल्लं.

काही दिवसांनी रियाजभाई आले. बादशाहच्या बदल्यात त्यांना कबूल केलेलं पिल्लू ताईंनी भिडेपोटी दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. "हाच असेल तर हा नेतो," ते म्हणाले आणि मला कामशेतला घेऊन आले. दुकानात पोत्याशेजारी बादशाह झोपला होता. वास आला आणि मी जागीच थबकलो. हा माझा बाप. तोही उठला, मला चाटायला लागला. पण गिऱ्हाइकानं विचारलं की रियाजभाई म्हणायचे, "बाहेरचा आहे. घेतला सांभाळायला."

त्यांच्या बायको शहिस्ताताई कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. त्यांनी हे एक दिवस ऐकलं.

"बाहेरचा कशावरून?"

"रंगावरून. दिसतोय की."

"बादशाहची आई कसली होती?"

रियाजभाई आठवून म्हणाले, "पिवळी. पण हा तर काळा ठिक्कर निघाला ना!"

शहिस्ताताईंनी मूठभर अख्खे उडीद आणि थोडी हरभऱ्याची डाळ घेतली आणि गल्ल्याशेजारी मांडली. "हे बघा. रंगासाठी प्रत्येकाकडे दोन दाणे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. काळा प्रभावी. एक जरी काळा असला तरी कुत्रा काळाच दिसतो. पिवळा अप्रभावी. तो काळ्यामागे लपून राहतो, मरत नाही. बादशाहची आई पिवळी, म्हणजे तिच्याकडे दोन्ही दाणे पिवळे. तिनं याला पिवळाच दिला असणार."

"म्हणजे माझ्या बादशाहच्या आत पिवळा आहे?"

"आहे. आणि काजलच्याही आत आहे. पिल्लू पिवळं व्हायला दोन्हीकडून पिवळा दाणा यावा लागतो. बाप कुणीही धरा, काजलनं पिवळा दिल्याशिवाय हा असा झालाच नसता." त्यांनी चार जोड्या लावल्या. तीन जोड्यांत उडीद होता. चौथीत नुसती डाळ. "सरासरीनं चारात एक. कधी सातात एक, कधी एकही नाही."

रियाजभाई त्या चौथ्या जोडीकडे बघत राहिले. "आणि त्या बाईचं काम गेलं," ते हळूच म्हणाले.

शहिस्ताताईंनी तेवढ्यावर सोडलं नाही. माझ्या आणि बादशाहच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीनं लाळ घेतली, राजेश्वरीताईंना सांगून काजलचीही घेतली आणि तपासायला पाठवली. महिन्याभरानं उत्तर आलं. बादशाहच माझा बाप.

राजेश्वरीताईंनी दुकानात येऊन शहिस्ताताईंच्या हातून कागद घेतला आणि दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "भाज्याला येता का माझ्याबरोबर? एकटीला जमणार नाही."

आम्ही सगळे गेलो. बयाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. ताईंनी सुपाशेजारी बसून सगळं सांगितलं. कागदही दाखवला.

"माझं चुकलं, मावशी. उद्यापासून या."

बयाबाईंनी सूप खाली ठेवलं. "येनार न्हाई. पर येक करा. ज्या ज्या बंगल्यात माझं नाव घालवलं, तितं माझ्यासंगं चला. माझ्या म्होरं सांगा, बयानं दार उघडं ठिवलं न्हवतं."

"येते," ताई म्हणाल्या.

मग बयाबाईंनी विचारलं, "आन् पिवळ्या कसाय?"

ताईंनी मान खाली घातली. "येत नाही हल्ली."

बयाबाई माझ्याकडे वळल्या. मला जवळ ओढलं, कान कुरवाळले, "लय मोठा झाला माझा हळद्या," म्हणाल्या. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघू शकलो नाही. त्यांना वाटलं मी ओळख विसरलो.

ताईंनी शब्द पाळला. दोघी एका दुपारी सात बंगले पायी फिरल्या. बयाबाई आता तिथल्याच एका घरी स्वयंपाक करतात. त्या घरात कुत्रा नाही, हे त्यांनी आधी विचारून घेतलं.

माझ्या जन्मात माझा दोष नव्हता, हे मला शहिस्ताताईंनी दाण्यांवर दाखवलं. पण गेटवर मी जे केलं ते कुठल्या दाण्यात लिहिलेलं नव्हतं. ते माझं मी केलं. माणसांनो, लेकरू आईबापांवर गेलेलं दिसलं नाही तर लगेच कुणाच्या चारित्र्यावर, कुणाच्या कामावर बोट ठेवू नका. आजी-पणजीकडे बघा. जाणकाराला विचारा. एवढंच माझं मागणं.

गेल्या महिन्यात तळेगावच्या एका काळ्या कुत्रीला माझ्यापासून पाच पिल्लं झाली. पाचही काळी. माझ्याकडे पिवळ्याशिवाय द्यायला दुसरं काही नाही, म्हणजे पाचांच्याही आत एकेक पिवळा दाणा लपलेला आहे. त्यांचे मालक दुकानात पेढे घेऊन आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा! एकही तुझ्यावर गेलं नाही. सुटलो!"

आणि मला हायसं वाटलं. माझी शेपूट हलली. मी ती थांबवायला गेलो, थांबली नाही.