दवाखान्याची पायरी

बायनाबाईने फडक्यात गुंडाळलेला पाय रिक्षातून खाली टेकवला, सरकारी दवाखान्याच्या फाटकातला मांडव पाहिला आणि आत जायचं सोडून मांडवाच्या कडेलाच बसकण मारली. मांडवात संपावरच्या नर्सबाया होत्या. अकरावा दिवस. घोषणांचा जोर कधीच ओसरला होता. आता त्या नुसता पदराने वारा घेत होत्या.

"ऊठ की," छबुबाई म्हणाली. ती शेजारीण. बायनाबाईचा लेक अन् सून ऊसतोडीला गेलेले, म्हणून तिनेच तिला गावाहून आणली होती.

बायनाबाईने जवळच्या नर्सला विचारलं, "आत कोण हाय?"

"डॉक्टर हायेत, मावशी. अन् आमच्या जागी आणलेल्या पोरी." नर्सचा आवाज बसला होता. "जा तुमी. पेशंटला आमी अडवत न्हाई."

"समदे आत गेले की साहेब म्हणत आसतील, काम कुठं आडलंय, बसू द्या त्यांला."

नर्स ओशाळं हसली.

बायनाबाईला हे कुणी शिकवायला नको होतं. ऊसतोड मजुरांनी संप करून कोयता बंद केला त्या वर्षी, टोळ्या नेणारे ट्रॅक्टर अडवायला सिरसाळ्याच्या रस्त्यावर तीच सगळ्यांच्या पुढे आडवी झाली होती. आज आत गेली तर तेव्हाचं सगळं बोलणं मातीमोल. नाही गेली तर पाय. अंगठा काळा पडला होता. आजचा दिवस घालवलात तर पाय कापावा लागेल, असं गावातल्या डॉक्टरने सकाळीच बजावलं होतं.

"अंबाजोगाईला जाऊ," ती म्हणाली.

"तिथंबी संपच हाय." छबुबाई तिच्यासमोर उकिडवी बसली. "पाय गेल्यावर टँकरचं पाणी कोण आणंल?"

"मी लोकांला ट्रॅक्टरातनं उतरवलंय, छबे. कोणत्या तोंडानं जाऊ?"

उतरवलेल्यांत छबुबाईही होती. तिचा नवरा धोंडीराम संप मोडून गुपचूप कारखान्यावर गेला आणि तिथं आजारी पडला. मी त्याच्याकडं निघालेय, असं ती ट्रॅक्टरात रडून सांगत होती. पण तिच्या गाठोड्यात कोयता निघाला आणि बायनाबाईने दंड धरून तिला खाली ओढली. संप मिटायला सहा दिवस लागले. तोवर धोंडीराम वारला, त्याचं तोंडही तिला बघायला मिळालं नाही. त्यानंतर सात वर्षं दोघी भिंतीला भिंत लावून राहिल्या, मीठ-मिरची मागत राहिल्या, पण यावर अवाक्षर बोलल्या नाहीत.

"तवा मी खोटं बोलत नव्हते," छबुबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच बायनाबाईला सोसवेना.

"ठावं हाय."

"कवापासून?"

बायनाबाईने फडक्यावरची माशी हाकलली. ती लगेच परत येऊन बसली.

"तवापासून. तुझ्या तोंडाकडं बघूनच कळलं व्हतं. पन तुला सोडलं आसतं तर समदा ट्रॅक्टर सोडावा लागला आसता."

छबुबाई उठली. रिक्षाच्या दिशेने चार पावलं गेली आणि पाठ करून उभी राहिली, बराच वेळ. बायनाबाईने तिला हाक मारली नाही. हाक मारायचा हक्क आपल्याला उरला नाही, हे तिला पुरतं कळत होतं.

मग छबुबाई माघारी आली. तिने बायनाबाईचा दंड धरला, गरजेपेक्षा घट्ट, आणि तिला उभी केली. नर्सने उठून दुसरी बाजू सावरली. नर्स दवाखान्याच्या पायरीपर्यंत आली आणि तिथंच थांबली.

बायनाबाईही थांबली. दंड दुखत होता.

"चढ," छबुबाई म्हणाली.