कुसुमताईंच्या हातचा सापळा

मी उंदरांचा सापळा बोलतोय. नाव ऐकून अंग चोरू नका. माझ्यात मान मोडणारी स्प्रिंग नाही. उंदीर आत शिरला की माझं दार पडतं, बारीक शिट्टी वाजते, बस्स. आतला जीव जिवंत राहतो.

माझा जन्म जर्मनीतल्या हॅनोव्हरमधला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातला. तिथे ईश्वरी आणि देवदत्त राहतात. त्यांना मुलगी होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि बाळंतपणासाठी ईश्वरीची आई, कुसुमताई, चिंचवडहून आल्या होत्या. एका सकाळी ईश्वरीनं डिंकाच्या लाडवांची पिशवी काढली, तर ती कुरतडलेली आणि फडताळात लेंड्या. ईश्वरी बाळाला छातीशी धरून रडायलाच लागली. "माझ्या मुलीला चावला तर? हा उंदीर घरात नको म्हणजे नको!"

इमारतीची देखभाल करणारे हाउसमाइस्टर हेर ब्रुन्स, म्हणजे ब्रुन्ससाहेब, म्हणाले, येत्या गुरुवारी विष ठेवतो. तान्ह्या बाळाच्या घरात विष कुठे ठेवणार? म्हणून देवदत्त मला बनवायला बसला.

माणूस सॉफ्टवेअरचा. कॉलेजनंतर पहिल्यांदाच हातात सोल्डरिंग गन घेतलेली. वाइनच्या लाकडी खोक्याचं माझं अंग केलं, आत बघता यावं म्हणून पुढे एक काच बसवली. एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडणारा दिवा, समोर तो टिपणारा सेन्सर. मध्ये कुणी आलं की मोटर फिरून दार पडणार. पण खिडकीतून ऊन आलं तरी दार पडे, टेबलाला धक्का लागला तरी पडे. दोन दिवस मी रिकाम्या पोटी नुसत्या शिट्ट्या मारत होतो.

कुसुमताई भाजी निवडता निवडता बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "देवदत्तराव, एक बोलू का? राग मानू नका. हे सोल्डरचे टाके कच्चे आहेत."

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"चमक नाही ना त्यांना. द्या इकडे."

त्यांनी चष्मा पुसला आणि गन हातात घेतली. त्यांचा हात एरवी जरा थरथरायचा, चहाचा कप धरतानाही. पण गन हातात आली आणि तो हात स्थिर झाला. टाक्यामागून टाका. प्रत्येकावर हलकीशी फुंकर. मग पेनाचं रिकामं टोपण कापून, त्याला काळी टेप गुंडाळून त्यांनी सेन्सरवर बसवलं. आता ऊन मला फसवू शकत नव्हतं.

ईश्वरी दारात उभी राहून बघतच राहिली. "आई, फॅक्टरीत तू हे करायचीस?"

"बत्तीस वर्षं. रेडिओ, मग टीव्ही, मग कसले कसले बोर्ड. तुला काय वाटलं?"

"मला वाटायचं, तू... पॅकिंगला असशील."

कुसुमताई हसल्या. "कधी विचारलंसच नाहीस, बाई."

आईच्या बोटांच्या टोकांवर भाजल्याचे जुने, पांढुरके डाग होते. ते ईश्वरीनं लहानपणापासून पाहिले असणार. आता मात्र तिनं ती बोटं हातात घेतली आणि कितीतरी वेळ सोडली नाहीत.

चीजच्या तुकड्याऐवजी कुसुमताईंनी माझ्यात डिंकाच्या लाडवाचा चुरा ठेवला. बुधवारी दुपारी माझं दार पडलं. घरात ईश्वरी आणि बाळ, दोघीच होत्या. ती घाबरत घाबरत वाकली आणि माझ्या काचेतून आत बघू लागली. उंदरी माझ्या काचेला पाय लावून उभी होती. तिच्या पोटावरची दुधानं फुगलेली आचळं ईश्वरीच्या डोळ्यांसमोर होती.

देवदत्त कामावरून आला. बूटही न काढता मला उचलायला लागला. "चला, सुटलो. नदीकाठी सोडून येतो."

"थांब," ईश्वरी म्हणाली. "तिला पिल्लं आहेत. अंगावर पिणारी. बघ तिच्याकडे."

"अगं, तूच म्हणत होतीस ना, घरात नको..."

"म्हणत होते. पण तिला तिकडे नेलंस तर इथे ती उपाशी मरतील, देवदत्त."

तोवर घरी परतलेल्या कुसुमताईंनीही वाकून पाहिलं. मग शांतपणे माझं दार वर केलं. उंदरी सुसाट सिंकखालच्या फळीमागे पळाली. ईश्वरीनं लगेच हेर ब्रुन्सना फोन लावला. विष थांबवा, दोन आठवडे द्या, म्हणून ती विनवत होती. तिकडून बराच वेळ कुरकुर ऐकू आली. मग एकदाचं "ना गूट," म्हणजे ठीक आहे बाबा.

लाडू आता स्टीलच्या डब्यात गेले आणि बाळाचा पाळणा झोपायच्या खोलीत गेला. माझी बॅटरी काढून ठेवली होती. कुसुमताई रोज माझ्या दाराशी थोडा चुरा ठेवायच्या. म्हणायच्या, "एका घरात दोन बाळंतिणी. दोघींचं बघायला हवं."

दोन आठवड्यांनी पिल्लं स्वतःहून बाहेर येऊ लागली. मग मी कामाला लागलो. दोन दिवसांत चार पिल्लं, आणि तिसऱ्या सकाळी त्यांची आई. सगळ्यांना गवत घातलेल्या एका खोक्यात एकत्र करून देवदत्तनं मित्राच्या बागेतल्या खताच्या ढिगाजवळ सोडलं. ईश्वरीही बाळाला घेऊन गेली होती. खोकं रिकामं झालं तरी ती निघायला तयार नव्हती, असं देवदत्त सांगत होता.

कुसुमताई परत गेल्या त्याला आता वर्ष होईल. मी फडताळावर असतो. कधीमधी कुणी शेजारी मला मागून नेतात. त्यांना एवढंच सांगायचं आहे: माझं दार पडलं की घाई करू नका. एकदा वाकून, आत कोण आहे ते नीट बघा.

बाकी माझं बरं चाललं आहे. रविवारी सकाळी ईश्वरी आईला व्हिडिओ कॉल लावते. परवा तिनं विचारलं, "आई, फॅक्टरीत तुझ्या शेजारी कोण बसायचं गं?"

"अहिल्या," पलीकडून आवाज आला. "काय गायची ती! सुपरवायझर लांब गेला की..."

ईश्वरीनं गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसली.