भिकाजींचे गाऱ्हाणे

"जागतिक कुस्तीचा केंद्रबिंदू आता रत्नागिरीकडे सरकला आहे!" असे भिकाजी मयेकरांनी जाहीर केले, तेव्हा ते स्टुलावर उभे राहून पोस्टर ठोकत होते. स्टूल चहावाल्याचे होते. त्याने ते परत मागितले आणि केंद्रबिंदू खाली उतरला.

भिकाजींच्या 'सागरसिंह रेसलिंग कंपनी'त शिमग्याला आठ मल्ल होते. मे उजाडेपर्यंत दोन उरले. एक नायक विनीत, दुसरा खलनायक 'दर्याराक्षस', म्हणजे एरवी मच्छीच्या होडीवर जाणारा रूपेश. राक्षसाने तासभर छळायचे आणि शेवटी नायकाने त्याला उचलून आपटायचे, हे भिकाजी वहीत लिहीत आणि वही उशाखाली ठेवून झोपत. निकाल आधी ठरतो हे लोकांना ठाऊक नव्हते, त्यावर कंपनी उभी होती. रिंग आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांवर उभी होती.

"काका, सोमवारी मी मुंबईला. वॉचमनची नोकरी आहे," विनीत म्हणाला.

"आणि मी होडीवर," रूपेश म्हणाला.

भिकाजींनी दोघांचे हात धरले ते सोडेनात. "शनिवारी दोनशे माणूस आलं तर?"

"तर राहू," विनीत म्हणाला. "पण काका, मागच्या खेळाला सतरा होते. त्यात एक लाइटवाला."

शनिवारचा खेळ चिपळूणजवळच्या एका गावात होता. भिकाजी बुधवारीच तिथल्या देवळात नारळ घेऊन गेले. देवापासून लपवाछपवी नको म्हणून त्यांनी गुरवाच्या कानात सगळे सांगितले, अगदी वहीसकट. गुरव देवाला गाऱ्हाणे मोठ्याने घालतो, एवढे मात्र त्या घालमेलीत विसरले. सभामंडपात तेव्हा गावाची बैठक भरली होती.

"बा देवा म्हाराजा!" गुरवाने खणखणीत सुरुवात केली. "शनिवारी राक्षस मुद्दाम पडणार हाय, तसं वहीत लिवलेलं हाय, तो नीट पडू दे, नि दोनशे माणूस येऊ दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" साठ जण एका सुरात म्हणाले.

शनिवारी ते साठच आले. बाकी गावाला निकाल घरबसल्या कळला होता. हे मात्र 'होय' म्हणून बसले होते, त्यांना येणे भाग होते.

दहाव्या मिनिटाला फळी मोडली. विनीतचा पाय घोट्यापर्यंत आत गेला, मुरगळला आणि नायक आडवा झाला. राक्षस एकटाच उभा राहिला.

"पड रे मेल्या!" गावचे मानकरी जानूभाऊ पहिल्या रांगेतून ओरडले. "देवाला सांगितलंय!"

"पडू कसा? पाडणारा खाली हाय!"

"मग त्याच्या खाली पड!" मागच्या रांगेतल्या बकुळाकाकूंनी तोडगा काढला.

रूपेशने विनीतला काखेत धरून उठवले, छातीशी घेतले आणि तो स्वतः पाठीवर पडला. पंचही भिकाजीच. ते गुडघे टेकून मोजू लागले.

"एक..."

"होय म्हाराजा!"

तीनपर्यंत गावाने साथ दिली. राक्षसाच्या छातीवरून विनीत हळूच म्हणाला, "काका, सोमवारची गाडी धरतो हां."

माणसे उठू लागली. भिकाजी धावत जानूभाऊंपाशी गेले. "जानूभाऊ, पुढल्या वर्षी जत्रेला बोलवा. नुसतं 'बोलवू' म्हणा. माझी पोरं थांबतील."

जानूभाऊंनी भिकाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"भिकाजी, तुमच्याकडे एकच मागणं हाय."

"बोला!"

"रिंग उतरवाल तेव्हा खिळे तेवढे वेचून न्या. सकाळी इथं अंडरआर्म क्रिकेटची मॅच हाय."