पोथी थांबली ती जागा

रेवजीभाऊ पाटील यांनी आजोबांनी हाताने उतरवलेली पोथी त्या चातुर्मासात पहिल्यांदाच वाचायला काढली आणि अर्ध्यावरच ते गेले. प्रकाशा या तीर्थाच्या गावी तापीत अस्थी सोडताना धाकट्या भावाने, मगनने, त्यांसोबत पोथीही सोडून दिली. भावाची आवडती वस्तू भावाबरोबर जावी, एवढीच त्याची समजूत. कुठवर वाचलं ते दाखवणारं मोरपीसही आतच होतं. मला मगनचा असा संताप आला की त्याच्याशी बोलणंच सोडलं.

रेवजीभाऊंच्या पत्नी कौसाबाई मात्र त्याला काही बोलल्या नाहीत. मी शाळामास्तर, म्हणून मला बोलावून एवढंच म्हणाल्या की राहिलेली पोथी चातुर्मासातच पुरी करा, पण ते थांबले तिथूनच.

शहाद्याहून तीच पोथी छापील मिळाली. पण जुन्या पोथीच्या पानांना आकडे नव्हते आणि हिच्यात अध्यायही वेगळे पाडलेले. मी वैतागून म्हटलं, सरळ पहिल्यापासून वाचू.

"पहिलेपासून वाचशात ते त्यासनं वाचेल वाया जाई, मास्तर," कौसाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी वाचलेलं वाया जाऊ नये म्हणून शब्दांवरूनच जागा शोधायची ठरली. रेवजीभाऊ वाचत तेव्हा कौसाबाई ऐकायला बसत; त्यांना शेवटी ऐकलेले शब्द विचारले, तर म्हणाल्या, "आतां श्रोतीं सावध व्हावें." मी कपाळाला हात लावला. हे शब्द त्या पोथीत जागोजागी होते. शेवटी तशा प्रत्येक जागी पेन्सिलीने फुली केली आणि कौसाबाईंसमोर बसून फुलीच्या आधीची एकेक ओवी वाचू लागलो. त्या डोळे मिटून "पुढे" म्हणत. मगन दाराशी खाली मान घालून बसलेला.

रानात चुकलेल्या लेकराची हाक आईला ऐकू येते, ती ओवी आली. कौसाबाई "पुढे" म्हणाल्या नाहीत. मी फुली ओलांडून आणखी एक ओळ वाचली, तसा त्यांनी हात वर केला.

"हाई मी आयकेल नही," त्या म्हणाल्या. न ऐकलेलं इथून सुरू होत होतं; रेवजीभाऊ थांबले ती जागा हीच. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच त्या ढसाढसा रडल्या. मलाही आवरेना.

मी चष्मा पुसून पुन्हा पोथीकडे वळलो, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि दाराकडे धरली.

"मगन, आठेन पुढे तू वाच."

मगन तिथूनच पुढे अडखळत वाचू लागला.