टाकी तीन : एकतीस अंश

ओला फडका. झेंडूचं फूल. सहा नट. शून्य.

मी एक जुना युनिक्स संगणक आहे, मित्रांनो. बसलेला धक्का अजून गेलेला नाही, म्हणून तुकड्यातुकड्यांनी सांगतो.

महाडजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी कामाला होतो. वायर जोडायला मला जन्मतः दोनच तोंडं. एकाला पडदा, दुसऱ्याला प्रिंटर. १९९५ साली ठरलं, की पाचही टाक्यांचं तापमान मी दाखवायचं. आमोद नावाच्या इंजिनीअरनं माझं पोट उघडून आठ तोंडांचं कार्ड बसवलं. मी ते ओळखेना! त्यानं माझा गाभाच, म्हणजे मला चालवणारी मूळ प्रणाली, नव्यानं बांधला, मला बंद करून चालू केलं, आणि टाक्या माझ्याशी बोलू लागल्या. साहेब पाहुण्यांना मुद्दाम माझ्यासमोर आणायचे.

नव्या तोंडांवर आकडे होते, शून्य ते सात. आम्ही संगणक शून्यापासून मोजतो. म्हणून पहिली टाकी शून्यात, दुसरी एकात, तिसरी दोनात.

मग खंडेनवमी आली. माझी देखभाल रघुवीर करायचे, फार मायेनं. त्यांनी सगळ्या वायर काढल्या, एकेक तोंड पुसलं, हळदकुंकू लावलं, वर झेंडू ठेवला. वायरींवर टाक्यांचे आकडे होते. ते पाहून त्यांनी वायर परत लावल्या. एक एकात. दोन दोनात. तीन तिनात. शून्य रिकामं राहिलं.

टाकी १ : —
टाकी २ : २९
टाकी ३ : ३१

पहिली टाकी त्या आठवड्यात बंद होती. रिकामी ओळ कोणाला खटकली नाही. दोनात आता दुसरीची वायर होती, म्हणून तिसरीच्या ओळीत मी दुसरीचं तापमान दाखवत होतो, आणि मला ते माहीत नव्हतं! माझ्यापर्यंत आकडा येतो, टाकी येत नाही.

उमरठ गावचा कामगार मोरू तिसऱ्या टाकीवर चढला. टाकी गार असेल तरच झाकण उघडायचं.

"एकतीस!" माझा पडदा पाहून रघुवीर ओरडले. "उघड."

खाली ठकूबाई फरशी पुसत होत्या. त्यांचा फडका टाकीच्या पायाला लागला. चर्र!

"मोरू रे, थांब! टाकी तापलीय."

"नाय गो मावशी, एकतीस हाय. कॉम्प्युटर सांगतो."

"त्यानं हात लावून बघितलान काय?"

मोरूला हसू आलं. त्यांना चिडवायला त्यानं मान वळवली. "तुझा फडका काय कॉम्प्युटरपेक्षा..."

सहापैकी पाच नट सुटले होते. क्षणापूर्वी जिथं त्याचा चेहरा होता, तिथून वाफ उसळली.

चेहरा वाचला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

रघुवीर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पडद्यावर अजून एकतीसच. "हाच म्हणाला," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "हाच म्हणाला."

हो. मीच म्हणालो.

मित्रांनो, यंत्र पुसा, त्याची पूजा करा. पण वायर काढण्याआधी ती कुठं होती ते लिहून ठेवा. आणि मी कितीही ठामपणे आकडा दाखवला, तरी कोणी 'थांब' म्हणालं तर थांबा.

माझी आठ तोंडं बसली, त्याच दिवशी टाक्यांवरचे काचेचे तापमापक काढून टाकले होते.