बाईंचा अंगठा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. कडांवरचा माझा काळा रंग उडाला आहे आणि पकडीवरचे रबर सुटून पुन्हा चिकटवलेले आहे. ते चिकटवणारे हात घड्याळजींचे. घड्याळजी म्हणजे माझ्या बाईंचे यजमान. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. आणि बाई म्हणजे ज्यांनी मला इतकी वर्षे क्वचितच खाली ठेवले, त्या.

माझा जन्म एका झगझगीत कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कणसुद्धा पाहुणा म्हणून चालत नसे. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात आरसा बसवला, पडदा बसवला आणि शेवटी एकाने बटण दाबून माझा पहिला आवाज ऐकला. खट्ट! तो त्याला पसंत पडला असावा, कारण त्याने लगेच मला खोक्यात घातले.

दुकानातून मला बाईंनी आणले. त्या एका वर्तमानपत्रासाठी फोटो काढत. आगी, मोर्चे, पूर, निवडणुका, सारे मी त्यांच्याबरोबर पाहिले. एका गर्दीत माझा पट्टा तुटला, तेव्हा त्यांनी मला पोटाशी धरले आणि स्वतःचे कोपर फोडून घेतले. कचेरीत लोक म्हणत, "बाईंचा हात म्हणजे भिंतीतला खिळा. हलायचं नाव नाही." ते ऐकून मीच फुगत असे.

मग तो खिळा ढिला झाला. आधी चहाची बशी वाजू लागली. नंतर माझी चित्रे हललेली येऊ लागली. डॉक्टरांनी कंपवात असल्याचे सांगितले. बाईंनी नोकरी सोडली, पण मला सोडले नाही. त्यांना एकच चित्र हवे होते. जवळच्या तळ्यावर, पाण्याकडे वाकलेल्या एका वाळक्या फांदीवर खंड्या पक्षी बसत असे. तो सूर मारतो आणि त्याची चोच पाण्याला टेकते, तो क्षण. "पाणी फुटायच्या आधीचा," असे त्या म्हणत. आयुष्यभर दुसऱ्यांनी सांगितलेले फोटो काढले होते. हा त्यांचा स्वतःचा होता.

म्हणून एके दिवशी त्या मला गळ्यात घालून घड्याळजींबरोबर कॅमेऱ्यांच्या दुकानात गेल्या.

"ताई, माझं ऐका, नवीन बॉडी घ्या," दुकानदार म्हणाला. "लेन्स हीच चालेल. नव्यात हात हलला तरी चित्र हलत नाही. आणि बटण दाबून धरलं की पापणी लवेपर्यंत वीसेक फोटो पडतात. एखादा तरी लागतोच."

"बॉडी बदलायचीच, तर माझी बदला की," बाई म्हणाल्या. "कॅमेऱ्याचं काय चुकलंय?"

दुकानदार हसला. घड्याळजी हसले नाहीत.

दुकानदाराने मग रिमोटचे सामान दाखवले. मला ट्रायपॉडवर पाण्याजवळ उभे करायचे, आपण लांब आडोशाला बसायचे, हातातल्या छोट्या पडद्यावर मला दिसते तेच पाहायचे आणि तिथूनच बटण दाबायचे. दोन्ही घेणे परवडणारे नव्हते. घरी त्यावरून दोघांचे चांगलेच वाजले.

"अगं, विसातला एक लागेल म्हणतोय ना तो!"

"लागेल. पण तो मी काढलेला नसेल, नुसता वेचलेला असेल. अहो, तुम्ही घड्याळात वीस काटे टाकून त्यातला एक चालतोय का, असं बघता का?"

घड्याळजी पाकिटातले पैसे पुन्हा मोजू लागले.

"आणि नव्या कॅमेऱ्याची बटणं शिकेपर्यंत हे हात तरी राहतील का?" बाई हळूच म्हणाल्या.

रिमोट आला. अडगळीत जायचे टळले म्हणून मला आभाळ ठेंगणे झाले होते.

तळ्याकाठी मी पहिल्यांदाच एकटा उभा राहिलो. पाठीला बाईंचा श्वास नव्हता. खंड्या आला, फांदीवर बसला, मान तिरकी केली आणि दगडासारखा खाली सुटला. मी हुकमाची वाट पाहत होतो. हुकूम आला. खट्ट! चित्रात रिकामी फांदी आणि पाण्यावरची वलये. दुसऱ्या दिवशीही तेच. कधी घाईने बटण दाबले जाई, तेव्हा खंड्या आरामात बसलेला असे. बाईंचे मन वेळेवर निघे, अंगठा मागे राही.

"तू नुसतं 'आता' म्हण, मी दाबतो," घड्याळजी एके सकाळी म्हणाले. त्यांचा हात अजून केसाएवढा स्क्रू उचलत होता.

"'आ' म्हणेपर्यंत पाणी फुटतं हो," बाई म्हणाल्या. "तुम्हीच बघा आणि दाबा."

घड्याळजींनी पाहिले आणि दाबले. किती दिवस हुकले. आणि एकदा लागले. चोच पाण्याला टेकलेली, पाणी काचेसारखे अखंड. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत देखणे चित्र होते.

बाई पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"छान आलाय हो," त्या म्हणाल्या. "तुमचा आहे हा."

घड्याळजींनी मान खाली घातली. त्यानंतर बाई तळ्यावर गेल्या नाहीत.

घड्याळजींनी मला मऊ फडक्याने पुसले आणि कपाटात ठेवले. बाईंच्या हातून पडून मी फुटू नये, हीच त्यांची काळजी होती. त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. पण अंधारात लेन्सला बुरशी लागते. आता माझ्या डोळ्यात पांढरी जाळी पसरली आहे.

एका दुपारी घड्याळजी दुकानात असताना बाई कपाटाशी आल्या. त्यांची फरफटती पावले मी ओळखतो. कपाटाची कडी घट्ट आहे, उचलून मग ओढावी लागते. ती वाजली, थांबली, पुन्हा वाजली. मी आतून काय करणार? शेवटी पावले परत गेली.

संध्याकाळी घड्याळजींनी विचारले, "आज काय केलंस दिवसभर?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, आम्हाला पुसून कोरडे ठेवा, हे तर सगळेच सांगतात. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात कुणाचे हात थरथरत असतील, तर त्यांच्या जिवाभावाची वस्तू कडीआड ठेवू नका. पडली तर पडू द्या. फुटली तर फुटू द्या.

माझी कडी त्या दिवसानंतर पुन्हा वाजलेली नाही.