ओली पाठ

गोलूच्या पाठीखाली हात घालायचा, बोटांना ओल लागली की झबलं बदलायचं आणि मग दिवस सुरू व्हायचा. थंडी पडल्यापासून रूपालीची सकाळ अशीच उजाडत होती. आसेगावात या दिवसांत पहाटे तुरीच्या वावरांवरून असा गारठा येतो, की मोठ्या माणसाचेही दात वाजतात. गोलू तर दिवस भरायच्या आधीच जन्मलेला, वाशिमच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहून आलेला. दिवाळीनंतर त्याची छाती भरली, तेव्हा औषध लिहिता लिहिता डॉक्टर एवढंच म्हणाले होते, की याला रात्री ओल्यात ठेवू नका. त्यांनी ते सहज म्हटलं असेल. रूपालीला मात्र त्यानंतर धड झोप नव्हती. गोलू जरा खोकला की ती उठून बसायची आणि त्याच्या छातीला कान लावायची.

सासूबाईंना, सोजरबाईंना, डायपर हा प्रकारच पटलेला नव्हता. जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं गुंडाळावं, ओलं झालं की बदलावं, त्यात काय शिकायचंय, असं त्यांचं म्हणणं. पण दुपटं ओलं झाल्याचं कळेपर्यंत पोरगं गारठून जातं, हे रूपालीने पाहिलं होतं. म्हणून तिने रऊफभाईंच्या दुकानाचा नाद धरला. तिथे डायपर सुटे मिळायचे. एक कंपनी झाली, दुसरी झाली, मग टीव्हीवर जाहिरात लागते ती झाली. एकदा नवरा हरीओम मंगरूळपीरहून सगळ्यात भारी म्हणतात ते घेऊन आला. सकाळी पाठ ओलीच. शेवटी रऊफभाईंनीही हात टेकले.

“वहिनी, दुकानातलं सारं वापरून झालं तुमचं,” ते म्हणाले. “आता पोराले गुंडाळाले फक्त शिमिटाचं पोतं राह्यलं.”

ओट्यावर बसलेली माणसं हसली. रूपालीही हसली, पण घरी येईस्तोवर तिचे डोळे भरून आले होते. एवढी बी.एस्सी. झालेली बाई, आणि लेकराची पाठ कोरडी ठेवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काढलेला डायपर फेकायच्या आधी हातात तोलून पाहिला. समोरून तो जड झाला होता. मागची बाजू मात्र बरीचशी कोरडी, आणि झबलं तर थेट पाठीपर्यंत भिजलेलं. भरून वाहिला असता, तर मागेही जड लागला असता. तिने एक कोरा डायपर परातीत ठेवला आणि त्यावर तांब्याने हळूहळू पाणी ओतलं. त्याने ते निमूट पिऊन घेतलं, परातीत थेंब उतरला नाही. सोजरबाई चुलीपाशी बसून बघत होत्या. आता पाण्यालेबी डायपर घालतं का वं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा रूपाली डायपर उलटा करून बघत होती. डायपरात खोट नव्हती. मग खोट होती कुठे?

दुपारी गोलू पालथा झोपला होता. रूपालीने डायपरच्या कडेवरून बोट फिरवत नेलं. पोटाकडून चिकटून बसलेला, बाजूंनी चिकटून बसलेला, आणि मागे कंबरेवर तिचं बोट सरळ आत गेलं.

आत करदोडा होता. काळ्या दोऱ्याचे पदर पीळ देऊन केलेला, चांदीचा मणी आणि वेखंडाचा तुकडा ओवलेला, त्यावर सोजरबाईंची जाडजूड गाठ. करदोडा आंगाले लागून असला पाह्यजे, असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून रूपाली रोज डायपर त्याच्यावरूनच बांधायची. पोरगं उताणं झोपलं की गाठ आणि वेखंड डायपरची कड उचलून धरत, आणि त्या फटीतून सगळं पाठीवर यायचं.

कारण सापडल्याचा आनंद तिला क्षणभरच झाला. हा दोरा कुठला ते तिला ठाऊक होतं. गोलू पेटीत असताना सोजरबाई तो मुठीत धरून दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसून राहायच्या. आत बांधू देत नव्हते, आणि त्या घरी जायला तयार नव्हत्या. गोलूला घरी आणलं त्या दिवशी उंबरठ्यातच त्यांनी तो बांधला. तेव्हा रूपालीनेच झबलं वर धरलं होतं.

संध्याकाळी हरीओमने सोपी वाट सुचवली. रात्री हळूच कापून टाक, गळून पडला म्हणून सांगू. रूपालीने कात्री घेतली, गोलूपाशी बसली आणि तशीच ठेवून दिली. गोलू आता कुठे बाळसं धरू लागला होता. दोरा गळाला म्हटल्यावर सोजरबाईंच्या जिवाचं काय होईल, हे तिला कळत होतं. तीही तशीच घाबरट होती.

तिने त्यांना बोलावलं, त्यांचं बोट धरून त्या फटीत घातलं आणि सगळं सांगून टाकलं. आता बोलणी खायची, अशी तिने मनाची तयारी केली होती.

सोजरबाईंनी बोट काढलं नाही.

“म्हंजे माह्या दोऱ्यानंच लेकरू ओलं होऊन राह्यलं होतं काय?”

“तसं नाई आई. डायपर मीच त्याच्यावरून बांधत होती.”

“म्याच तुले तसं सांगतलं ना वं.” त्यांचा आवाज एवढासा झाला. “त्याची छाती भरली, तेबी याच्यानंच?”

असेलही, नसेलही. “तवा हिवबी लय होतं,” रूपाली म्हणाली, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लग्न होऊन आल्यापासून तिने असं कधी केलं नव्हतं.

हरीओम कात्री पुढे करायला लागला, तसा सोजरबाईंनी त्याचा हात बाजूला सारला. “कापाचा नसते तो. सोडतो मी.” त्या दिव्याखाली गाठ नखांनी उकलत बसल्या. रूपालीने दोरा वर, फासळ्यांशी बांधून पाहू म्हटलं, पण गोलूच्या गोल पोटावरून तो घसरून पुन्हा खालीच आला. मग सोजरबाईंनीच गोलूचा चिमुकला दंड हातात घेतला, दोऱ्याचे दोन वेढे सैलसर घातले, मणी राहू दिला आणि वेखंड काढून पदराला बांधलं.

“दंडबी आंगच आहे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

सकाळी रूपालीला जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून आत आलं होतं. गोलू शेजारी नव्हता. ती अनवाणीच अंगणात धावली. सोजरबाई उन्हात पाय पसरून बसल्या होत्या आणि गोलू त्यांच्या पायांवर हातपाय झाडत होता. अंगात रात्रीचंच झबलं होतं, बदललेलं नव्हतं. रूपालीने त्याच्या पाठीवर हात फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला.

“किती डाव पाह्यशीन?” सोजरबाई म्हणाल्या. “मी पहाटपासून पाहून राह्यली. जाय, चहा मांड.”